बापाने शिकविलेले गणित

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न दर तीन-चार वर्षांनी नव्याने सोडवावा लागतो. बदलीचा हुकूम शाळेचे वर्ष पाहून येत नाही. नव्या गावी शिक्षणाची भाषा निराळी, पुस्तके निराळी आणि धड्यांचा क्रमही निराळा असतो. मुलगा एखादा भाग दोनदा शिकतो आणि एखादा भाग त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. मग गणितापुरते तरी आपणच घरी शिकवावे, असा विचार बापाच्या मनात येतो. मूल सावकाश शिकणारे असेल तर वाट सरळ असते. ते मागे पडू नये एवढेच पाहावयाचे. खरी अडचण मूल चलाख निघाले म्हणजे होते. सहा वर्षांचे पोर अपूर्णांकांच्या बेरजा तोंडी करू लागले, वर्षाचे पुस्तक दोन महिन्यांत संपवून पुढचे मागू लागले, की बापाला अभिमान वाटतो आणि थोडी धास्तीही वाटते. आता याला काय द्यावे? वरच्या इयत्तेचे पुस्तक द्यावे, की आहे त्याच विषयातील अवघड उदाहरणे द्यावी? अंकगणित पक्के होण्यापूर्वी बीजगणिताला हात लावू द्यावा काय? आज बाजारात पुस्तकांना, शिकवणीच्या वर्गांना आणि संगणकावरील पाठांना तोटा नाही. त्यामुळे निवड सोपी होण्याऐवजी अधिकच बिकट झाली आहे.

हा प्रश्न मात्र आजचा नव्हे. गेल्या तीन-चार शतकांत युरोपातील काही बापांपुढे तो जसाच्या तसा उभा राहिला होता, आणि त्यांनी तो आपापल्या समजुतीप्रमाणे सोडविला. त्यांतील काही जण सरकारी नोकर होते, एक ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत होता, एक तोफखान्याचा सेनापती होता. त्यांची मुले पुढे नामांकित झाली आणि त्यांतील काहींनी आपल्या बाळपणाची हकीकत स्वतः लिहून ठेवली. शिक्षणपद्धतीविषयी बापांचे दावे पुष्कळ उपलब्ध असतात; ज्याच्यावर ती पद्धती चालविली गेली त्याची साक्ष क्वचितच मिळते. म्हणून या लेखात भर आहे तो शक्य तेथे मुलांच्या साक्षीवर. ज्यांचे नाव झाले त्यांच्याच कथा टिकल्या आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. तेव्हा येथे प्रतिभा निर्माण करण्याची कृती सापडणार नाही. चुका टाळण्याची थोडीबहुत दृष्टी मात्र सापडेल.

पहिला बाप एत्येन पास्काल. हा फ्रान्समधील क्लेरमाँ येथे करविषयक न्यायालयाचा अधिकारी होता आणि स्वतः उत्तम गणिती होता. १६२६ साली त्याची पत्नी वारली, तेव्हा मुलगा ब्लेझ तीन वर्षांचा होता. १६३१ साली एत्येन आपली तिन्ही मुले घेऊन पॅरिसला आला आणि त्यांचे शिक्षण त्याने सर्वस्वी आपल्या हाती घेतले. ब्लेझ शाळेत कधी गेलाच नाही. त्याची थोरली बहीण झिलबेर्त हिने लिहिलेल्या चरित्रात बापाचे एक सूत्र नमूद आहे. मुलाने नेहमी आपल्या कामाच्या वर असावे, कामाने मुलाच्या वर असू नये, असे ते सूत्र. त्याला अनुसरून लॅटिन भाषा बाराव्या वर्षापर्यंत शिकवावयाची नाही आणि गणित तर पंधरा-सोळा वर्षांपर्यंत दाखवावयाचेही नाही, असा त्याने नेम केला. गणिताची गोडी लागली की मन त्यातच गुंतते आणि भाषा मागे पडतात, ही त्याची भीती होती. म्हणून त्याने घरातील गणिताची पुस्तके कुलुपात ठेवली आणि मित्रांशीही मुलासमोर तो विषय काढीनासा झाला.

व्हावयाचे तेच झाले. मुलाने एके दिवशी भूमिती म्हणजे काय असे विचारले. आकृत्या बिनचूक काढणे आणि त्यांच्या भागांतील परस्परसंबंध शोधणे, एवढेच मोघम उत्तर बापाने दिले आणि पुढे विचारण्याची बंदी केली. बारा वर्षांचा ब्लेझ खेळाच्या वेळात एकटाच खोलीतील फरशीवर कोळशाने आकृत्या काढू लागला. शास्त्रीय नावे ठाऊक नसल्यामुळे रेषेला तो ‘दांडी’ म्हणे आणि वर्तुळाला ‘गोल’. बापाने त्याला पाहिले तेव्हा त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते, या सिद्धांतापाशी तो येऊन ठेपला होता, असे झिलबेर्त सांगते. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील हा बत्तिसावा सिद्धांत. बहिणीच्या प्रेमाने ही हकीकत थोडी रंगविली असावी, असे इतिहासकार म्हणतात. परंतु बापाने त्या दिवसानंतर नेम सोडला आणि युक्लिडचे पुस्तक मुलाच्या हाती दिले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. तेही त्याने फुरसतीच्या वेळात वाचावयास दिले. भाषांचे पाठ चालूच राहिले.

या कथेचा उत्तरार्ध आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल. १६४० च्या आरंभी एत्येनची नेमणूक नॉर्मंडीतील रूआँ येथे करवसुलीच्या कामावर झाली. प्रांतात नुकतेच बंड होऊन गेले होते, दप्तराची अवस्था वाईट होती आणि बापाला रात्री उशिरापर्यंत आकड्यांच्या रकान्यांशी झुंजावे लागे. फ्रेंच नाण्यांत बारा दनिएंचा एक सू आणि वीस सूंचा एक लिव्र होत असे. १९५७ पूर्वी आपल्याकडे ज्यांनी रुपये, आणे, पै यांच्या बेरजा केल्या, त्यांना या हिशेबातील हातच्यांचे दुःख निराळे सांगावयास नको. बापाचे हे कष्ट पाहून ब्लेझने १६४२ मध्ये बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र बनविण्यास आरंभ केला. त्या वेळी त्याचे वय अठरा-एकोणीस होते. ज्याच्यापासून गणित लपविले होते त्या मुलाने बापाच्या कचेरीसाठी यंत्र केले.

दुसरा बाप याच्या अगदी उलट. जाँ-बातिस्त क्लेरो हा पॅरिसमधील गणिताचा शिक्षक. त्याचा मुलगा अलेक्सी १७१३ साली जन्मला. बापाने त्याला अक्षरओळखच युक्लिडच्या आकृत्यांवरील अक्षरांनी करून दिली. नवव्या वर्षी मुलगा भूमितीला बीजगणित लावणारे ग्रंथ वाचू लागला, दहाव्या वर्षी लोपिताल याचे शांकव आणि सूक्ष्मराशी यांवरील ग्रंथ वाचू लागला आणि पुरती तेरा वर्षे होण्यापूर्वी, १७२६ साली, त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे चार नव्या वक्ररेषांवर निबंध वाचला. अठराव्या वर्षी तो त्याच अकादमीचा सभासद झाला. पुढे हॅलेच्या धूमकेतूच्या पुनरागमनाचे गणित त्याने केले. सूर्याच्या अत्यंत निकट येण्याचा दिवस त्याने एप्रिल १७५९ च्या मध्यावर सांगितला आणि एक महिन्याची चूक गृहीत धरली. धूमकेतू १३ मार्चला त्या स्थानी पोहोचला. एवढे यश पाहिल्यावर बापाची पद्धत निर्दोष होती, असे कोणीही म्हणेल.

मुलाचे मत मात्र विचारात घेण्यासारखे आहे. १७४१ साली या अलेक्सी क्लेरोने नवशिक्यांसाठी भूमितीचे पुस्तक लिहिले, आणि ज्या क्रमाने त्याला स्वतःला विद्या मिळाली होती तो क्रम त्याने त्यात पार बाजूला ठेवला. आरंभीच व्याख्या, गृहीतके आणि प्रमेये यांचा ढीग विद्यार्थ्यापुढे ठेवला तर त्याला कंटाळा येणारच, असे त्याने प्रस्तावनेत म्हटले आहे. ही विद्या प्रथम कशी जन्मली असावी याचा विचार करून त्याने जमिनीच्या मोजणीपासून सुरुवात केली. नदीच्या पलीकडील अंतर कसे काढावे, वेड्यावाकड्या शेताचे क्षेत्रफळ कसे काढावे, अशा गरजांमधून एकेक सिद्धांत उगवतो आणि वाचकाला तो आपणच शोधल्यासारखे वाटते. डोळ्यांना उघड दिसणारी गोष्ट सिद्ध करण्याचा खटाटोप त्याने आरंभी टाळला; संशयाला जागा निर्माण झाली म्हणजे मग सिद्धता आणली. महसूल खात्यातील माणसाला मोजणीची साखळी आणि शेताचा नकाशा ठाऊक असतो. त्यातून भूमिती उभी करता येते, हे गणित सर्वांआधी शिकलेल्या माणसाने सांगितले आहे.

तिसरा बाप आपल्या देशाच्या इतिहासाशी संबंधित आहे. हिंदुस्थान कधीही न पाहता ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रचंड इतिहास लिहिणारा जेम्स मिल तो हाच. तो ग्रंथ १८१७ साली निघाला आणि १८१९ मध्ये ग्रंथकर्त्याला लंडनमधील कंपनीच्या कचेरीत जागा मिळाली. ज्या टेबलावर हा इतिहास लिहिला जात होता, त्याच टेबलाशी त्याचा मुलगा जॉन स्टुअर्ट बसून ग्रीक शिकत होता. १८०६ साली जन्मलेल्या या मुलाला तिसऱ्या वर्षी ग्रीक सुरू झाले. संध्याकाळी अंकगणित असे, आणि ते आपल्याला किती अप्रिय होते याची त्याला मोठेपणीही आठवण होती. आठव्या वर्षापासून युक्लिड आणि बीजगणित आले.

जॉन स्टुअर्ट मिलचे आत्मचरित्र १८७३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्यात बापाच्या शिकविण्याचा त्याने दोन्ही अंगांनी हिशेब मांडला आहे. विचार करून जे सापडण्याजोगे होते ते मुलाचे प्रयत्न थकल्याशिवाय बापाने कधी सांगितले नाही, ही गोष्ट तो कृतज्ञतेने नोंदवितो. घोकलेली माहिती आणि समजलेली गोष्ट यांतील फरक त्यामुळे आपल्याला कळला, असे त्याचे म्हणणे आहे. परंतु गणिताविषयी त्याची तक्रारही आहे. भूमिती व बीजगणित यांचा पाया पक्का झाला. पुढच्या गणिताचा झाला नाही. कारण बापाचे स्वतःचे ते ज्ञान मागे पडले होते आणि ते उजळण्यास त्याला सवड नव्हती. मुलाला पुस्तके देऊन मोकळे सोडले गेले. अवघड उदाहरणे सुटली नाहीत म्हणजे बाप नाराज होई. ती सोडविण्यास लागणारी आधीची विद्याच मुलाला मिळालेली नाही, हे मात्र त्याच्या ध्यानात येत नसे.

या एका वाक्यात घरच्या शिक्षणातील मोठा धोका आला आहे. शाळेत शिक्षक बदलतो, म्हणून एकाची उणीव दुसरा भरून काढतो. घरी शिकविणाऱ्याच्या ज्ञानाला जेथे भोक असते, तेथे मुलाच्या ज्ञानालाही पडते, आणि दोघांनाही ते दिसत नाही. चलाख मुलाच्या बाबतीत तर ते अधिकच झाकले जाते. कारण असे मूल नमुना पाहून उत्तर काढते आणि उत्तर बरोबर आल्यामुळे कोणी खोलात शिरत नाही. विसाव्या वर्षी, १८२६ मध्ये, मिलला जे मानसिक नैराश्य आले त्याची कारणे गणिताबाहेरची होती. परंतु भावनांना जागा न ठेवता केवळ बुद्धीची मशागत झाल्याचा तो परिणाम होता, असे त्याने स्वतःच लिहिले आहे.

आता एका मुलीची हकीकत. सोफिया कोवालेव्स्काया १८५० साली मॉस्कोत जन्मली. तिचा पिता रशियन तोफखान्यातील सेनापती होता. नोकरीमुळे कुटुंबाला ठिकाणे बदलावी लागत. निवृत्तीनंतर, १८५८ साली, ते पालिबिनो येथील आपल्या खेड्यातील वाड्यात राहावयास आले. घराच्या भिंतींना लावण्याचा रंगीत कागद पीटर्सबर्गहून मागविला होता, तो मुलांच्या एका खोलीपुरता कमी पडला. एका खोलीसाठी पुन्हा तेवढ्या लांबून माल कोण मागविणार? माळ्यावर जुने कागद पडले होते, तेच चिकटविण्यात आले. पित्याने तरुणपणी घेतलेली ओस्त्रोग्राद्स्की या गणितज्ञाची चलन आणि समाकलन गणितावरील शिळाछापाची व्याख्याने ती होती. मुलगी त्या भिंतीसमोर तासन् तास उभी राही आणि कोणत्या पानामागून कोणते पान येत असेल हे जुळवू पाही. अर्थ एका अक्षराचाही कळत नव्हता. सूत्रांची रूपे मात्र डोळ्यांत ठसली.

तिला घरी शिकविण्यास मालेविच नावाचे शिक्षक होते. अंकगणितात तिला प्रथम विशेष गोडी नव्हती. गणित ही काही गूढ आणि उदात्त वस्तू आहे, असे तिचा एक चुलता बोलता बोलता सांगे, त्याचेच तिला आकर्षण वाटे. पुढे बीजगणित सुरू झाले आणि ती त्यात इतकी रमली की बाकीचे विषय मागे पडले. विदुषी स्त्रियांविषयी पित्याचे मत चांगले नव्हते. त्याने गणिताचे पाठच बंद करविले. मुलीने बूर्दाँ याचे बीजगणिताचे पुस्तक शिक्षकांकडून मिळविले, ते उशीखाली ठेवले आणि सगळे निजल्यावर रात्रीच्या दिव्याच्या मंद उजेडात वाचून काढले.

शेजारी राहणारे प्राध्यापक तिर्तोव यांनी एकदा आपले पदार्थविज्ञानाचे पुस्तक घरी भेट दिले. त्यातील प्रकाशाच्या प्रकरणात ‘साइन’ हा शब्द आला. त्रिकोणमिती ती शिकली नव्हती. शिक्षकांनाही उलगडा करता येईना. तेव्हा तिने स्वतःच विचार करून साइनच्या जागी वर्तुळाची जीवा घेतली. कोन लहान असता दोहोंत फार थोडा फरक पडतो, त्यामुळे पुस्तकातील सूत्रे तिला जुळू लागली. तिर्तोव यांनी ऐकले तेव्हा ते थक्क झाले, कारण ही कल्पना इतिहासातही याच वाटेने आली होती. या ठिकाणी मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट आठवेल. प्राचीन ग्रीक ज्योतिषी पूर्ण जीवा वापरीत. आपल्या आर्यभटादी ज्योतिषांनी अर्धी जीवा, म्हणजे अर्धज्या, घेतली आणि ‘ज्या’ हाच शब्द अरबी व लॅटिन भाषांतून रूपांतर पावत ‘साइन’ झाला. रशियातील एका खेड्यात बसलेली मुलगी नकळत त्या वाटेच्या पहिल्या मुक्कामावर जाऊन उभी राहिली होती.

तिर्तोव यांनी पित्याचे मन वळविले. तरीही परवानगी मिळण्यास काही वर्षे गेली. अखेर पीटर्सबर्गमध्ये स्त्रान्नोल्युब्स्की नावाचे चांगले शिक्षक तिला मिळाले. सीमेची कल्पना तिने इतक्या लवकर आत्मसात केली की, जणू ती आधीपासून ठाऊक होती, असे त्यांना वाटले. आणि तिला त्याच क्षणी खोलीच्या भिंतीवरचा तो कागद आठवला. १८७४ साली गटिंगेन विद्यापीठाने तिला डॉक्टरेट दिली. गणितात ही पदवी मिळविणारी आधुनिक युरोपातील ती पहिली स्त्री होय. एक्केचाळिसाव्या वर्षी, १८९१ मध्ये, ती स्टॉकहोम येथे प्राध्यापक असताना वारली.

शेवटचा बाप विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा. लिओ वीनर हे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात स्लाव भाषांचे प्राध्यापक होते. १८९४ साली जन्मलेला त्यांचा मुलगा नॉर्बर्ट वाचनात वयाच्या फार पुढे होता. परंतु शाळेत घातल्यावर असे दिसले की पाढे त्याला धड येत नाहीत आणि बेरीज तो बोटांवर करतो. बापाने निदान केले ते असे: पोराला अंकगणित जड जात नाही, ते त्याच्यासाठी फार सोपे आणि कंटाळवाणे आहे. त्याला शाळेतून काढून त्यांनी घरी बीजगणित सुरू केले. निदान बहुतांशी खरे ठरले. अकराव्या वर्षी मुलगा महाविद्यालयात गेला आणि अठराव्या वर्षी, १९१३ मध्ये, हार्वर्डचा डॉक्टर झाला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ मध्ये पाहुणे प्राध्यापक म्हणून आले होते ते वीनर हेच.

१९५३ साली त्यांनी आपल्या बाळपणाची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्यात पित्याविषयी आदर आहे आणि जुनी जखमही आहे. पाठ गोड स्वरात सुरू होई, पहिली चूक झाली की स्वर पालटे आणि शिव्यांचा वर्षाव होऊन मुलगा रडू लागे. त्याहून खोल घाव दुसरा होता. माझी मुले असामान्य नाहीत, माझ्या शिकविण्यामुळे ती पुढे गेली, असे पित्याने जाहीर रीत्या सांगितले. मुलाने ते छापलेले वाचले. यश आले तर ते बापाचे आणि अपयश आले तर ते मात्र माझे, असा त्याचा अर्थ त्याच्या मनाने घेतला, आणि तो सल साठाव्या वर्षीही गेला नव्हता. त्याच काळात हार्वर्डला विल्यम सायडिस नावाचा आणखी एक मुलगा होता. अकराव्या वर्षी त्याने चार मितींच्या आकृत्यांवर प्राध्यापकांपुढे व्याख्यान दिले आणि वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. पुढे तो गणितापासून आणि प्रसिद्धीपासून दूर पळाला आणि किरकोळ कारकुनीवर राहून १९४४ साली वारला.

वीनरच्या हकीकतीत एक लहानशी नोंद आहे, ती मला या सर्व इतिहासात मोलाची वाटते. आठव्या वर्षी त्याचे डोळे बिघडले आणि डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केले. बापाने पाठ थांबविले नाहीत. सारे गणित तोंडी सुरू ठेवले. कागद नाही, पाटी नाही, बीजगणित आणि भूमितीसुद्धा मनातल्या मनात. आयुष्यात मिळालेल्या शिक्षणातील हा काळ अत्यंत उपयोगी होता, असे वीनरने लिहिले आहे. दरवर्षी नवे पुस्तक शोधणाऱ्या बापाने हे वाक्य वाचावे. अनेक पुस्तकांनी जे केले नसते ते पुस्तकाच्या अभावाने केले.

आपल्याकडे तर तोंडी गणिताची मोठी परंपरा होती. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अंक गिरवून झाले की पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी यांची उजळणी चाले. साडेतिनाचे पाढे पाठ असणारा मुलगा बाजारात कोणाकडून फसत नसे. या पद्धतीत ‘का’ विचारण्याला जागा नव्हती, हा तिचा दोष खरा. परंतु अपूर्णांक ही भीतीची वस्तू नाही, हे ती लहानपणीच ठसवीत असे. घरी पित्याकडून गणित शिकण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी आपली विद्या पिता महेश्वर यांच्याकडून मिळाल्याचे स्वतःच सांगितले आहे. लीलावती ही त्यांची कन्या होती, ही कथा अकबराच्या दरबारातील फैझीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरामुळे प्रसिद्ध झाली. तिच्या खरेपणाची खात्री देता येत नाही. पण ग्रंथाची रीत पाहण्यासारखी आहे. भुंग्यांच्या थव्यातील पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, या दोहोंतील अंतराच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा उरला. तर एकूण किती? उत्तर पंधरा. चलाख मूल हे उदाहरण बीजगणित येण्याआधीच सोडवू पाहते, आणि ते सोडविताना त्याला बीजगणिताची गरज कळते.

अलीकडचे उदाहरण लोकमान्य टिळकांचे. त्यांचे वडील गंगाधरपंत हे रत्नागिरीस शिक्षक होते आणि १८६६ साली बदली होऊन शिक्षणखात्याच्या नोकरीवर पुण्यास आले. टिळक त्या वेळी दहा वर्षांचे होते. संस्कृत आणि गणित ही दोन्ही त्यांना घरीच मिळाली होती. वहीत आकडेमोड न करता उदाहरणे मनातच सोडविण्याची त्यांची सवय चरित्रकारांनी नोंदविली आहे. १८७२ साली वडील वारले. पुढे डेक्कन कॉलेजात केरूनाना छत्रे यांच्यासारखा गुरू लाभला आणि घरी घातलेल्या पायावर इमारत चढली.

या सर्व हकीकती एकत्र ठेवल्या म्हणजे एक गोष्ट दिसते. यांपैकी कोणाही मुलाने मोठेपणी अमुक पुस्तक अमुक वयात दिले म्हणून बापाचे आभार मानले नाहीत. मिलने आभार मानले ते स्वतः शोधू दिल्याबद्दल आणि वीनरने ते सहा महिने मनात गणित करावे लागल्याबद्दल. कोवालेव्स्कायाच्या आठवणीत राहिली ती भिंत आणि आपण शोधून काढलेली जीवा. क्लेरोने तर पाठ्यपुस्तकच असे लिहिले की वाचकाला शोधण्याचा आनंद मिळावा. तक्रारीही तितक्याच स्पष्ट आहेत: पाया नसता वरचा मजला मागितला गेला, चुकीला शिव्या मिळाल्या, आणि मुलाचे कर्तृत्व बापाने आपल्या खात्यावर जमा केले.

तेव्हा घरी शिकविणाऱ्या बापाने किंवा आईने पुस्तक निवडावे, पण त्याला फार महत्त्व देऊ नये. कोणतेही बरे पुस्तक चालेल. मूल भराभर पुढे जाऊ लागले तर जाऊ द्यावे; मात्र अधूनमधून एक जुनेच उदाहरण घेऊन ‘हे असे का?’ म्हणून विचारावे. उत्तर देता आले तर पुढचे पान उलटावे, न आले तर तेथेच दोन दिवस मजेत रेंगाळावे. रीत सांगण्यापूर्वी उदाहरण द्यावे. बंगल्याच्या आवाराची मोजणी त्याच्याकडून करवावी, रेल्वेच्या लांबच्या प्रवासात औटकीचे पाढे म्हणावे, आणि कित्येक दिवस काहीच शिकवू नये. उत्तर चुकले तर चूक कोठे झाली हे त्यालाच शोधू द्यावे. आणि ज्या दिवशी त्याचा प्रश्न आपल्याला सुटणार नाही, त्या दिवशी तसे मोकळेपणी सांगून गावात किंवा शेजारी एखादा तिर्तोव, एखादे केरूनाना शोधावयास निघावे. एत्येन पास्काल मोठा ठरतो तो त्याने केलेल्या नेमामुळे नव्हे. फरशीवरच्या कोळशाच्या रेघा पाहिल्यावर त्याच दिवशी त्याला आपला नेम मोडता आला, म्हणून.